देशमुख मोहिमेवर आहेत

आबा गेले तेव्हा माझी बायको जेवढी रडली, तेवढी ती मी गेल्यावर रडेल की नाही, याची मला दाट शंका आहे. मी तिच्या शेजारीच उभा होतो. आधी तिची ओढणी भिजली, मग तिने माझा रुमाल मागून घेतला, तोही भिजला, आणि शेवटी आबांच्या सुनेनेच तिला आत नेऊन पाणी पाजलं. सुनेचे डोळे कोरडे होते. अंगणात निरवांगीहून, आबांच्या गावाहून, आलेली भावकी बसली होती. त्यातल्या एका म्हाताऱ्याने मला हळूच विचारलं, "पाव्हणं, ही आबांची लेक व्हय?"

मी म्हणालो, "नाही. भाडेकरू."

म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. भाडेकरूने घरमालकासाठी एवढं रडावं, ही गोष्ट बारामतीत तरी अजून ऐकिवात नव्हती.

पण आबा घरमालक होते ते नावापुरते. मुळात ते कादंबरीकार. ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायचे, आणि त्याही प्रेमाच्या. तलवारी, तंबू, परवाने, फितुरी हे सगळं असायचंच, पण मधोमध एक बाई आणि एक पुरुष असायचे आणि त्यांचं जमतंय की नाही या काळजीत वाचणाऱ्याने भाजी करपवायची, असा एकूण मामला. पुण्याचा एक प्रकाशक ती पुस्तकं छापायचा आणि ती थेट वाचनालयांत जायची. अजूनही इंदापूर-अकलूजकडच्या वाचनालयांत गेलात तर पुठ्ठा सुटलेली, दोऱ्याने शिवलेली एखादी प्रत हाताला लागेल. मोठ्या साहित्यिकांनी आबांचं नावही ऐकलं नसेल. आबांनाही त्यांची फारशी माहिती नव्हती.

समीक्षा मात्र ते स्वतःच करायचे, आणि पद्धत त्यांची खास होती. महिन्यातून एखादे दिवशी इंदापूरच्या वाचनालयात जायचे, आपल्याच पुस्तकाची जुनी प्रत मागून घ्यायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि पान न् पान उजेडाकडे धरून बघायचे. वाचायचे नाहीत, डाग शोधायचे. "हळद कुठं लागलीया ते बगायचं," त्यांनी मला एकदा समजावलं. "जितं हळदीचं बोट, तितं बाईचं फोडणीकडं ध्यान नव्हतं. त्ये परकरण जमलं. कोरं पान म्हंजी आपुन नापास." लढायांची पानं बहुतेक कोरी निघायची. आबा ते मनाला लावून घेत नसत.

बारामतीच्या जळोचीतलं त्यांचं घर दुमजली, वर मोठी गच्ची, पलीकडे अजून कांद्याची रानं शिल्लक. 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी त्यावर कधी लागली नाही. आम्ही जागा शोधत फिरत होतो तेव्हा बाकीच्या घरमालकांनी आम्हाला काय काय विचारलं ते सांगत नाही. ज्यांनी भाड्याने घर घेतलंय त्यांना ते पाठ आहे. आबांनी यातलं काहीच विचारलं नाही. पांढरा नेहरू शर्ट, पायजमा आणि खाली शाळकरी पोरांसारखे कॅनव्हासचे बूट, अशा वेशात ते फाटकाशी आले. फाटक उघडलं नाही. माझ्याकडे एक नजर टाकली, मग माझ्या बायकोकडे, वैशालीकडे, वळून तिला न्याहाळत म्हणाले, "बाई, कुणाला उलटं बोलल्यावं तुमाला झोप लागती का?"

वैशाली म्हणाली, "बोलल्यावर लागते. न बोलता राहिले तर लागत नाही."

आबांनी फाटक उघडलं.

मी घाईघाईने सांगू लागलो की मी लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे, गुणवत्ता तपासणीत आहे, कायम आहे. ते म्हणाले, "आसू द्या." मला वाटलं, कायम नोकरीमुळे जागा मिळाली. आठवडाभर मी याच भ्रमात होतो. मग समोरच्या खोल्यांत राहणाऱ्या सिस्टर भेटल्या. सिस्टर म्हणजे नांदेडकडच्या, इथल्या एका दवाखान्यात नर्स, आवाज असा की पेशंट इंजेक्शनआधीच बरा व्हावा. त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला कशात घेतलंय?"

"कशात म्हणजे?"

"अहो, कादंबरीत! मला वंजाऱ्यांच्या तांड्याची मालकीण म्हणून घेतलंय. तुमच्या मिसेस देशमुखीण आहेत, ते समजलं. तुम्ही कोण?"

तेव्हा मला या घराचं रहस्य कळलं. आबा माणूस बघून जागा देत नसत, पात्र बघून देत. कादंबरीत जे पात्र हवं, तसा माणूस मिळेपर्यंत खोली रिकामी राहिली तरी चालेल. वरच्या मजल्यावर कृषी खात्यातले एक साहेब होते, चंद्रपूरकडचे, उंचेपुरे आणि कमालीचे अबोल. ते हबशी रिसालदार. आमच्या खोल्यांत आमच्या आधी एक फरशीचा व्यापारी होता, तो सुरतेचा सराफ. कादंबरीत सराफ मेला तेव्हा आबांनी व्यापाऱ्याला दुसरीकडे चांगली जागा बघून दिली आणि टेम्पोत सामान चढवायला स्वतः हात लावला. आणि माझ्या अगदी डोक्यावरच्या खोलीत होता थॉमस. केरळचा. लोणी देवकरलाच एका फाउंड्रीत इंजिनिअर, लोखंडाचा रस ओतायच्या विभागात. आबांच्या कादंबरीत एक फिरंगी होता, पेद्रू नावाचा, समुद्रावरून भटकत आलेला आणि आदिलशाहीसाठी तोफा ओतणारा. आबा त्याच्यासाठी किती दिवस माणूस शोधत होते कुणास ठाऊक.

लिहिलेली पानं ते गच्चीवरच्या दोरीला कपड्यांच्या चिमट्यांनी लावायचे. प्रकरणांचा क्रम दोरीवर ठरायचा. एक पान काढून पुढे लावायचं, लांब जाऊन डोळे बारीक करून बघायचं, पुन्हा मागे आणायचं. त्यामुळे आमचे बनियन आणि विजापूरचा दरबार एकाच दोरीवर वाळायचे. एकदा वावटळ आली आणि एक अख्खी लढाई उडून कांद्याच्या रानात पडली. मी धावत खाली निघालो तर आबांनी मला हाताने अडवलं. "ऱ्हाऊ द्या. तशीबी लांबलीच हुती."

दरबाराचं मात्र एकही पान त्यांनी कधी उडू दिलं नाही. तरुणपणी आबा निरवांगीला ऊस करत, आणि एकदा एका साखर कारखान्याचे संचालक म्हणून निवडून आले होते. पुढच्या निवडणुकीत त्यांच्याच पॅनेलने त्यांना पाडलं. "दरबार कसा आसतो त्ये मला कुणी शिकवायचं?" ते म्हणत. "मी संचालक मंडळात बसलोय." त्यांचा वजीर कुणाला विष घालत नसे. तो फक्त परवाना अडवून ठेवायचा, समोरच्याचं पीक उभ्या रानात वाळेपर्यंत. ज्यांच्या उसाला वेळेत तोड मिळालेली नाही, त्यांना त्यातलं क्रौर्य बरोबर कळायचं. त्यांचा सुलतान सभेला उशिरा यायचा, आधीच ठरलेलं बोलायचा आणि जेवण करून निघून जायचा.

आणि सहकाराची जी सवय त्यांना लागली होती ती कादंबरीतही सुटली नव्हती. रविवारी संध्याकाळी पाच वाजता गच्चीवर वाचन. मोबाइलवर आम्हा भाडेकरूंचा ग्रुप होता, त्याचं नाव 'सर्वसाधारण सभा', आणि त्यावर शनिवारीच नोटीस यायची. गैरहजेरी चालत नसे. कथानकात फाटा आला की आबा वाचन थांबवून ठराव मांडायला सांगत. एक सूचक, एक अनुमोदक, मग हात वर. सभेने जे मंजूर केलं ते आबा लिहायचे, स्वतःला आवडो न आवडो. हबशी रिसालदाराने लढाईत मरावं की नुसता हात गमवावा, असा प्रश्न आला तेव्हा ते अबोल कृषी साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "मला मरू द्या." इतकं मोठं वाक्य त्यांच्या तोंडून आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. ठराव एकमताने मंजूर झाला आणि साहेब पुढचे चार दिवस खूश होते.

मी पहिल्या रविवारी गच्चीवर गेलो तो माझी वाट बघत. म्हणजे माझं पात्र कधी येतंय याची. आलं नाही. दुसऱ्या रविवारीही नाही. शेवटी मी आबांना जिन्यात गाठून विचारलं. त्यांनी माझ्याकडे खरोखरच मनापासून बघितलं, आणि जरा ओशाळून म्हणाले, "तुमी आजून सुचला न्हाय."

तुम्ही हसाल, पण मला ते फार लागलं. फरशीवाला सुचतो, सिस्टर सुचतात, डोक्यावरचा थॉमस सुचतो. मीच असा काय आहे की माझ्याकडे बघून कुणाला काहीच सुचू नये? मग पुढच्या प्रकरणात एकदाचा मी आलो. देशमुखीण गिरिजा, म्हणजे वैशाली, दारात उभी असते. सुलतानाचा जासूद येऊन विचारतो, देशमुख कुठे आहेत? गिरिजा उत्तर देते, "देशमुख मोहिमेवर आहेत." संपलं. तो मी. त्या जासुदाने पुढे दर दोन प्रकरणांनी येऊन तेच विचारलं आणि गिरिजेने दर वेळी तेच उत्तर दिलं. सिस्टर मला जिन्यात भेटल्या की हसू दाबून विचारू लागल्या, "काय देशमुख, मोहीम कशी चाललीय?"

माझ्या शिफ्ट बदलत्या. वसाहतीतल्या कंपन्यांची बस उजाडायच्या आत यायची, परतायला कधी दुपार, कधी संध्याकाळ, कधी आणखी उशीर. नोकरी म्हटल्यावर हे आलंच. हे मी आबांनाही सांगितलं. "व्हय की," ते म्हणाले, "म्हनून तर मोहिमेवं पाठवलंय. बिनकामाचं कुठं पाठवलंय?"

इकडे मी मोहिमेवर आणि तिकडे पेद्रू फिरंगी भट्टीपाशी. आबांनी त्याला काय काय दिलं होतं! रुंद खांदे दिले, काजळीने माखलेले हात दिले, तोडकंमोडकं मराठी दिलं, आणि त्या मराठीत असं काही बोलायला लावलं की गच्चीवर सिस्टरसुद्धा गप्प व्हायच्या. गिरिजा त्याला परगण्याच्या राजकारणातल्या खाचाखोचा समजावून सांगायची, आणि तो तिला समुद्र कसा असतो ते सांगायचा. तिने समुद्र पाहिलेला नसतो. आता, वैशालीला मी अलिबागला नेलं होतं. तिथे तिने पाण्यात पायही घातला नव्हता, वाळू चपलेत जाते म्हणून. पण पेद्रूच्या तोंडून समुद्र ऐकताना तिचा चेहरा असा झाला की मी मान वळवून कांद्याच्या रानाकडे बघत बसलो.

खऱ्या थॉमसला या सगळ्यातलं निम्मं कळत नव्हतं. वाचन चालू असताना तो प्रत्येक वाक्याला हसायचा, माणसं मरत असली तरी. मग खाली उतरताना वैशाली त्याला हिंदीत सगळं समजावून द्यायची आणि ते एका पायरीवर थांबून बोलत राहायचे. तो आमच्याकडे केळ्याचे वेफर्स आणून द्यायचा. वैशाली त्याला शेंगदाण्याची चटणी द्यायची. त्याचं गावी लग्न ठरलेलं होतं, आणि बसमध्ये माझ्या शेजारी बसून तो मला मोबाइलवर त्या मुलीचे फोटो दाखवायचा. मी फोटो बघायचो, छान आहे म्हणायचो, आणि तो झोपला की त्याच्या खांद्यांची रुंदी बघायचो. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. चांगल्या माणसावर जळताना आपलीच दमणूक होते.

एका रविवारी आबांनी असं प्रकरण वाचलं की त्यात तोफेसाठी पितळ कमी पडतं आणि गिरिजा वाड्यातलं लग्नातलं घंगाळ आणून पेद्रूच्या भट्टीत टाकते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी येऊन मोरीत बघितलं. आमचं घंगाळ जागेवर नव्हतं.

"घंगाळ कुठं गेलं?"

"थॉमसकडे दिलंय," वैशाली म्हणाली. "तळाला भेग होती ना. त्याच्या ओळखीचा कुणी झाळून देणार आहे."

"मला का नाही सांगितलं?"

"दोनदा सांगितलं. तुम्ही 'हं' म्हणालात."

घंगाळ झाळून परत आलं, अगदी व्यवस्थित. पण मी त्यातल्या पाण्याने अंघोळ केली नाही. बादली घेतली.

मग माझ्या लक्षात आलं की कादंबरी संपत आलीय. दोरीवर पानं गच्च झाली होती. शेवटी काय होणार हे सगळ्यांनाच दिसत होतं. पेद्रूचं काम संपलेलं, तो समुद्राकडे परत निघणार, आणि गिरिजेला वाड्यात थांबण्यासारखं काही उरलेलं नाही. आता कुणी म्हणेल, अहो, कादंबरी ती. पण आमच्या आधी त्या घरात कृषी साहेबांच्या खोलीत एक मास्तरीण होत्या, आणि त्यांचं ज्याच्याशी आबांनी पुस्तकात जमवलं, त्याच्याशी त्यांचं पुढे खरंच जमलं. हे मला सिस्टरनीच सांगितलं होतं. मी शिकलेला माणूस आहे, पण बायकोच्या बाबतीत कुणी एवढा धोका पत्करत नाही. मी आबांकडे गेलो आणि विचारलं, "देशमुख कधी परत येणार?"

आबा बुटाच्या नाड्या बांधत होते. "मला काय ठावं? आजून सुचलं न्हाय."

"आबा, त्याला परत आणा."

"मी कोन आननार? सभा हाय की. ठराव मांडा." मग माझा चेहरा बघून त्यांना काय वाटलं देव जाणे, त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि निवडणूक कशी लढवतात ते सांगायला घेतलं. आपल्याच पुस्तकाविरुद्ध! कुणाकडे आधी जायचं, कुणाकडे शेवटी, कुणाला नुसता मान द्यायचा आणि कुणाला काय हवं ते आधी विचारायचं. "सूचक तुमी ऱ्हावा. अनुमोदक आसा घ्या, की ज्याचा इरोध हुईल आसं लोकास्नी वाटतंय." जुना संचालक त्यांच्यात जागा झाला होता. डोळे चमकत होते. मला त्या वेळी ते फार आवडले, हे कबूल करतो.

मी प्रचाराला लागलो. एका सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना इंदापूरच्या रस्त्यावर एका ढाब्यावर मटण खायला नेलं. वैशालीला सांगितलं, सहज. कृषी साहेबांना मी म्हणालो की आपण रिसालदार म्हणून गेलात त्याचा सूड घ्यायला कुणीतरी परत यायला नको का? साहेबांनी मान हलवली. सिस्टर जरा कठीण निघाल्या. त्या म्हणाल्या, "मत देईन, पण माझा तांडा मधेच कुठे गायब झालाय. शेवटच्या प्रकरणात मला काम पाहिजे." मी वचन दिलं. तेही ठरावात घालतो म्हणालो. आणि अनुमोदनासाठी मी बसमध्ये थॉमसला विचारलं. वाटलं, आता तरी हा कचरेल, आता तरी काही दिसेल. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि आनंदाने म्हणाला, "चांगला ठराव, दादा. नवरा घरी पाहिजे." मला त्याचा पुन्हा राग आला.

रविवारी गच्चीवर मी उभा राहिलो आणि ठराव वाचला: देशमुखांनी मोहिमेवरून वाड्यावर परत यावे, व शेवटच्या प्रकरणात वंजाऱ्यांचा तांडा असावा. थॉमसने अनुमोदन दिलं. आबांनी विचारलं, "बाजूनं?" सिस्टरचा हात, साहेबांचा हात, थॉमसचा हात, माझा हात. मी वळून वैशालीकडे बघितलं. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

"इरोधात?" आबांनी विचारलं.

वैशालीने हात वर केला. सरळ, पूर्ण वर, शाळेत करतात तसा.

"येक मत इरोधात. ठराव बहुमतानं मंजूर," आबा म्हणाले, आणि सिस्टरनी सवयीने "मंजूर, मंजूर" असा पुकारा केला. मी निवडून आलो होतो. पण मला खाली बसताना खुर्ची सापडेना.

घरी आल्यावर मी तिला विचारलं, "का?"

ती म्हणाली, "त्याला यायचं असतं तर तो आपल्या पायांनी आला असता. त्याला मतं कशाला लागली?"

"तू देशमुखाबद्दल बोलतेयस की माझ्याबद्दल?"

"तुम्ही कुणाबद्दल ठराव मांडलात?" ती म्हणाली, आणि कुकर लावायला गेली. तिच्याजवळ असल्या प्रश्नांची उत्तरं तयार असतात. आबांनी तिला उगीच नाही घेतलं.

पुढचे दोन रविवार वाचन नव्हतं. आबा शेवटचं प्रकरण लिहीत होते. मी शिफ्टवरून परतलो की बघायचो, गच्चीवर दोरीपाशी आबा आणि वैशाली उभे असायचे. ती एखाद्या पानाकडे बोट करून म्हणायची, "आबा, गिरिजा असं बोलणार नाही," आणि ते लगेच खोडायचे. मी तिच्याशी एवढा वेळ कशाबद्दल बोललोय हे आठवायचा प्रयत्न करायचो. माझ्याकडे विषय निघायचे, पण ते सगळे घरातले: गॅस, लाइट, तिच्या आईचा गुडघा.

शेवटच्या वाचनाला आबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच पानावर देशमुख आला. काय आणला होता! घोडा दमलेला, खांद्यावर जखम, मागे जिंकलेलं निशाण. मी खुर्चीत ताठ बसलो. देशमुख वाड्याच्या दारात उतरतो. दिवे लागलेले असतात. नोकर पायांवर पाणी घालतात. तो आत जातो, सोप्यात, माजघरात, आणि हाक मारतो. कुणी ओ देत नाही. तो धावत भट्टीकडे जातो. तिथे पेद्रू एकटाच बसून हत्यारं बांधत असतो. बाईसाहेब कुठे आहेत, असं विचारल्यावर तो चकित होऊन मान हलवतो. त्यालाही ठाऊक नसतं. आणि मग घाटावरचा नावाडी सांगतो की वंजाऱ्यांचा तांडा सकाळीच नीरा उतरून गेला, आणि सगळ्यांत पुढे, तांड्याच्या मालकिणीबरोबर, बाईसाहेब स्वतःच्या घोड्यावर होत्या. कुठे निघालात, असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलंही नव्हतं.

आबांनी पान खाली ठेवलं. मी उभा राहिलो.

"आबा, हे ठरावात नव्हतं."

"काय नव्हतं? देशमुख वाड्यावं परत यावा. आला. तांडा आसावा. हाय."

"पण ती..."

"बाई घरात आसावी आसं कुनी मांडलंच न्हाय," आबा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात खोडी नव्हती, उलट थोडं वाईट वाटल्यासारखं होतं. "मांडायचं ऱ्हायलं तुमचं."

सिस्टर टाळ्या वाजवू लागल्या; शेवटच्या प्रकरणात त्या आघाडीवर होत्या, त्यांना आणखी काय पाहिजे? तो तांडा मीच माझ्या हाताने ठरावात घालून दिला होता. थॉमस हसत होता, म्हणजे नेहमीसारखाच. आणि वैशाली रडत होती आणि हसत होती, दोन्ही एकदम. मी तिला लग्नात पाहिलं, तिच्या भावाला नोकरी लागली तेव्हा पाहिलं, आम्ही फ्लॅट बुक केला तेव्हा पाहिलं. हा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. ती आबांकडे बघत होती.

आणि मला तिथल्या तिथे कळलं की मी इतके दिवस भलत्याच माणसावर जळत होतो. पेद्रू, थॉमस, त्याचे खांदे, सगळं फुकट गेलं. जळायला पाहिजे होतं ते या म्हाताऱ्यावर, कॅनव्हासचे बूट घालून आपलीच पानं चिमट्यांतून काढत उभा होता त्याच्यावर. त्याला माझी बायको नको होती. तिला काय हवंय एवढंच त्याने बघितलं होतं, आणि ते लिहून तिला वाचून दाखवलं होतं. याच्याविरुद्ध कुठल्या सभेत जायचं?

संध्याकाळी ती गच्चीवरून कपडे घेऊन आली आणि पलंगावर बसून घड्या घालू लागली. मी समोर स्टुलावर बसलो. विचारू की नको असं खूप वेळ केलं, मग विचारलं.

"तू गेली असतीस?"

"कुठं?"

"तांड्याबरोबर."

नाही म्हणेल, असं मला वाटलं. निदान हसेल. पण तिने हातातला शर्ट तसाच धरून ठेवला आणि विचार केला. खरोखर विचार केला, बाजारात एखादी वस्तू घ्यावी की न घ्यावी असा करतात तसा.

"तुम्ही घरी असता तर सांगून गेले असते," ती म्हणाली.

मग तिने शर्टाची घडी पुरी केली आणि माझ्या कपड्यांवर ठेवली. जिन्यात वर चढणाऱ्या आबांच्या पावलांचा आवाज येत होता. दोरी रिकामी करायला निघाले असावेत. आणि खरं सांगतो, त्या क्षणीसुद्धा मला त्यांचाच हेवा वाटला. तिचं हे उत्तर मला आज कळत होतं, आणि त्यांनी ते आधीच लिहून ठेवलं होतं.